डस्ट कलेक्टरची पाइपलाइन: आखणी मशीनपासून सुरू करा

माझ्या पहिल्या लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये, मशीनचा भुसा पंख्याने ओढून घेणाऱ्या डस्ट कलेक्टरचा मुख्य पाइप मी ८ इंचांचा टाकला होता. मोठा पाइप म्हणजे जास्त हवा आणि जास्त हवा म्हणजे कमी धूळ, असा माझा सरळ हिशेब होता. सहा-सात महिन्यांनी छताजवळचा एक हूक वाकलेला दिसला. पाइपवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. वरच्या अंगाला पोकळ आवाज येत होता, खालच्या अंगाला बद्द. जोड सोडवला तर आत नदीच्या पात्रात गाळ बसावा तसा भुसा बसलेला. वरून सपाट, तळाशी घट्ट, जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत. कलेक्टर रोज चालत होता, मोटरचा आवाजही नेहमीचाच होता, पण निम्माअधिक भुसा वाटेतच राहत होता.

नवीन वर्कशॉप उभं करणाऱ्या कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगतो. बहुतेक जण कलेक्टर विकत आणतात, तो कोपऱ्यात ठेवतात आणि तिथून मशीनच्या दिशेने पाइप ओढत जातात. आखणी याच्या बरोबर उलट व्हायला हवी. भुसा जिथे तयार होतो, म्हणजे पात्याजवळ, तिथून सुरुवात करायची आणि हवेबरोबर चालत कलेक्टरपर्यंत यायचं. कलेक्टर केवढा हवा, हे सगळ्यात शेवटी ठरतं.

हे सगळं जमिनीवरचा कचरा आवरण्यासाठी नाही. डोळ्यांना दिसणारा भुसा झाडूनेही निघतो. त्रास देते ती न दिसणारी धूळ. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण श्वासाबरोबर आत जातात आणि २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर पोचतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ते किती बारीक असतील याचा अंदाज करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून. वर्कशॉपमध्ये रोज तासन्तास उभं राहणाऱ्याने हे काम 'पुढे कधीतरी' म्हणून ढकलू नये.

आधी हवेचा वेग समजून घ्या

आडव्या पाइपमधून लाकडाचा भुसा खाली न बसता जायला हवेचा वेग मिनिटाला साधारण ३,५०० ते ४,००० फूट लागतो. गाडीच्या भाषेत सांगायचं तर ताशी ६४ ते ७३ किलोमीटर. मशीनकडून येणाऱ्या शाखांमध्ये ४,००० धरा, मुख्य लाइनमध्ये ३,५०० च्या खाली जाऊ देऊ नका.

पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, की मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते कळतं. यालाच सीएफएम म्हणतात. ४,००० च्या वेगाने ४ इंची पाइपमधून सुमारे ३५० सीएफएम जातात, ५ इंचीतून ५४५, ६ इंचीतून ७८५ आणि ८ इंचीतून १,४०० च्या आसपास. हे चार आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा, पुढे सारखे लागतील.

आता माझ्या ८ इंची लाइनचं काय चुकलं ते पाहा. मी एका वेळी एकच मशीन चालवत होतो आणि त्याला ४ इंची शाखा होती. शाखेतून ३५० सीएफएम येत होते. तीच हवा ८ इंची पाइपमध्ये शिरली, की तिचा वेग मिनिटाला १,००० फुटांवर यायचा. हव्या त्या वेगाच्या जेमतेम पाव. भुसा खाली बसणारच.

पाइप अरुंद घेतला तर अडचण दुसऱ्या बाजूने येते. तेवढीच हवा नेताना व्यास घटेल तसा पाइपमधला घर्षणाचा तोटा साधारण त्याच्या पाचव्या घाताने वाढतो. ६ इंचीतून आरामात जाणारे ७८५ सीएफएम ४ इंचीतून ओढायला गेलात, तर अडथळा सात-साडेसात पट होतो. घरगुती वर्कशॉपच्या पंख्यात एवढी ओढ नसते. मग हवाच कमी येते आणि बारीक धूळ तुमच्या नाकाशी तरंगत राहते.

म्हणजे पाइप फार मोठाही नको आणि फार लहानही नको. बाकीची सगळी आखणी या एकाच गोष्टीसाठी आहे.

पहिलं काम कागदावर

वर्कशॉपचा नकाशा मापात काढा. चौकटीचा कागद घेतला आणि एक चौकट म्हणजे एक फूट धरलं, तर पुरे. मशीन दाखवा, पण नुसती जागा दाखवून भागत नाही. लाकूड कुठून आत जातं, कुठून बाहेर येतं, मशीनचं धुळीचं तोंड कोणत्या बाजूला आहे आणि जमिनीपासून किती उंचीवर आहे, हेही लिहा. छताचे बीम, दिवे, दारांची उघडझाप, उभं लाकूड फिरवायला लागणारी जागा यांच्याही खुणा करा. आठ फुटी प्लायची शीट उभी करताना ती पाइपला आपटते, हे पाइप बसवल्यावर कळून उपयोग नाही.

मग प्रत्येक मशीनसमोर तिची गरज लिहा. साधारण धरून चालायचं असेल तर ६ इंची जॉइंटर (फळीची कड सरळ करणारं मशीन) आणि छोटा बँड सॉ (पट्टीच्या पात्याची करवत) यांना ३५० ते ४०० सीएफएम, टेबल सॉला ४०० पासून पुढे, १२-१३ इंची प्लेनरला (फळी एकसारख्या जाडीची तासणारं मशीन) ५०० च्या आसपास आणि ड्रम सँडरला ५०० हून जास्त. हे आकडे मुख्यतः भुसा आणि ढलप्या उचलण्याचे आहेत. बारीक धूळ पात्याजवळच पकडायची असेल तर मोठ्या मशीनला ८०० ते १,००० सीएफएमपर्यंतची तयारी ठेवावी लागते. माझं मत विचाराल तर जागा आणि वीज परवडत असेल तर मोठ्या आकड्यावरच आखा.

एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: एका वेळी किती मशीन चालतील? एकटा माणूस काम करत असेल तर उत्तर एक असतं. मग सगळ्या मशीनची बेरीज करायची नाही. सगळ्यात जास्त हवा मागणारं एक मशीन घ्यायचं आणि लाइन त्याच्यासाठी आखायची. दोघं-तिघं एकाच वेळी काम करत असतील तर हिशेब वेगळा होतो. तेव्हा मुख्य लाइन कलेक्टरकडे येताना प्रत्येक शाखेनंतर टप्प्याटप्प्याने मोठी करावी लागते.

मशीनचं तोंड

इथे बहुतेकांची नजर चुकते. पाइप ६ इंची आणि मशीनवरचं तोंड ४ इंची किंवा अडीच इंची असलं, तर अख्ख्या लाइनची ताकद त्या तोंडाशीच अडते. बऱ्याच मशीनवर हे तोंड मोठं करता येतं. पत्र्याचं आवरण कापून ५ किंवा ६ इंची कॉलर बसवायची, किंवा मशीनला दोन तोंडं द्यायची. टेबल सॉला पेटीच्या तळाशी एक आणि पात्यावरच्या गार्डला एक अशी दोन तोंडं दिली, की फरक डोळ्यांना दिसतो. पात्याचे दात वरून जो बारीक झोत तुमच्याकडे फेकतात, तो पेटीच्या तोंडाला कधीच सापडत नाही. बँड सॉला तोंड खालच्या गाइडच्या, म्हणजे पातं सरळ धरणाऱ्या भागाच्या, अगदी लगत हवं. खालच्या चाकाच्या पेटीत दिलेलं एकटं तोंड फार तर सांडलेला भुसा गोळा करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा आत कुठून येणार? मशीनची पेटी चारी बाजूंनी टेपने बंद केली, तर ओढ कितीही असली तरी वारा वाहणार नाही. वारा वाहिला नाही तर भुसाही हलणार नाही. पात्याच्या फटीतून आणि समोरच्या बाजूने हवा शिरेल अशी वाट मुद्दाम ठेवा. भुसा ज्या कोपऱ्यात साचतो, त्या कोपऱ्यावरून वारा वाहील अशा ठिकाणी ही वाट असावी.

आणि हातातल्या सँडरला या लाइनला जोडण्याचा नाद सोडा. त्याचा पाइप सव्वा ते दीड इंची असतो. त्यातून हवा ओढायला जबरदस्त दाब लागतो आणि तो व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरकडे असतो. डस्ट कलेक्टर भरपूर हवा हलकेच ओढतो, व्हॅक्यूम थोडी हवा जोरात ओढतो. दोघांची कामं वेगळी आहेत.

लाइनचा मार्ग

सगळ्यात जास्त भुसा करणारं मशीन कलेक्टरच्या जवळ ठेवता आलं तर अर्धं काम झालं. बहुधा ते प्लेनर असतं. मुख्य लाइन शक्य तितकी सरळ आणि शक्य तितकी आखूड ठेवा. भिंतीच्या कडेकडेने फिरवलेली लाइन दिसायला नीटनेटकी दिसते, पण तिरपी नेली तर कित्येकदा दहा फूट पाइप आणि एक बेंड वाचतो. मी आता बिनदिक्कत तिरपी नेतो.

एकट्याच्या वर्कशॉपसाठी मला पटलेली रचना अशी: मुख्य लाइन ६ इंची, आणि मोठ्या मशीनच्या शाखाही ६ इंचीच, थेट मशीनपर्यंत. टेबल सॉसारख्या ठिकाणी अगदी शेवटच्या दोन फुटांत तिचे दोन फाटे करायचे. असं केलं की मुख्य लाइनमधला वेग कुठेच पडत नाही. एखादं लहान मशीन ४ इंची शाखेवर असेलच, तर ते चालवताना दुसरी एखादी शाखाही अर्धवट उघडी ठेवा, म्हणजे मुख्य लाइनमध्ये पुरेशी हवा राहते.

बेंडकडे खास लक्ष द्या. बाजारात मिळणारा आखूड ९० अंशांचा एल्बो हवेला भिंतीवर आपटवतो. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असलेला लांब बेंड घ्या. तो मिळाला नाही तर ४५ अंशांचे दोन घ्या आणि मध्ये वीतभर सरळ तुकडा टाका. शाखा मुख्य लाइनला जोडताना काटकोनी टी जोड कधीही नको. वाय घ्या, ३० ते ४५ अंशांचा, आणि त्याचा कल हवेच्या दिशेने असू द्या. दोन रस्ते जसे एकमेकांत मिसळतात, तशी हवा मिसळायला हवी. शाखा मुख्य पाइपच्या बाजूने किंवा वरून जोडा, खालून नको. खालून जोडली तर दुसऱ्या मशीनचा भुसा बंद शाखेत पडून साचत राहतो.

कलेक्टरच्या किंवा सायक्लोनच्या (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणाऱ्या पिंपाच्या) तोंडाआधी पाइपच्या व्यासाच्या पाच-सहा पट लांबीचा सरळ तुकडा ठेवा. तोंडालाच बेंड लावला तर हवा घुसळत आत शिरते आणि पंखा किंवा सायक्लोन, दोघांचंही काम बिघडतं.

लवचीक पाइप हवाच असतो, मशीन थोडं सरकवायला, कंप अडवायला. पण त्याच्या आतल्या वळ्या हवेला तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपच्या दोन-तीन पट अडवतात. चार-पाच फुटांच्या वर तो वापरू नका आणि त्याला झोळ पडू देऊ नका. प्लेनरच्या लांब ढलप्या नेमक्या त्या झोळात अडकतात.

तोट्याचा हिशेब

हा भाग लोक टाळतात. पण एकच लाइन एकदा मांडून पाहा, भीती जाते. सगळ्यात अवघड लाइन घ्यायची, म्हणजे सगळ्यात लांबच्या मोठ्या मशीनची. अडथळा पाण्याच्या उंचीच्या इंचांत मोजतात.

समजा प्लेनरपासून कलेक्टरपर्यंत ६ इंची पाइप २५ फूट आहे, लांब त्रिज्येचे दोन बेंड आहेत, एक वाय आहे आणि ५ फूट लवचीक पाइप आहे. हवा ७८५ सीएफएम. या वेगाला ६ इंची गुळगुळीत पाइप दर १०० फुटांना सुमारे ४ इंच दाब खातो, म्हणजे २५ फुटांना १ इंच. बेंडचा प्रत्येकी ०.३ धरा, दोघांचे ०.६. वायचे ०.२. लवचीक ५ फूट म्हणजे सरळ १५ फूट, त्याचे ०.६. मशीनच्या तोंडातून हवा आत शिरून वेग घेते, त्यालाच २ इंचांच्या आसपास लागतात. बेरीज ४.४. वर सायक्लोनचे अडीच आणि थोड्या वापरलेल्या फिल्टरचे दीड. एकूण ८.४ इंच.

आता कलेक्टर निवडायची वेळ आली. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला सीएफएम बहुधा पाइप आणि फिल्टर न लावता मोजलेला असतो. त्यावर जाऊ नका. पंख्याचा आलेख मागा, ज्यात प्रत्येक दाबाला किती हवा मिळते ते दिलेलं असतं. त्यात साडेआठ इंचांसमोर किमान ७८५ सीएफएम दिसले पाहिजेत. आलेखच मिळत नसेल तर ते मशीन घेऊ नये, असं मी सांगेन.

हाच हिशेब ४ इंची पाइप आणि दोन आखूड एल्बो धरून एकदा करून बघा. कोणता पंखा घ्यावा याचं उत्तरच मिळेनासं होतं.

पाइप कशाचा

जस्त चढवलेल्या पत्र्याचा गोल पाइप, २२ ते २६ गेजचा, सगळ्यात बरा. एअर कंडिशनिंगसाठी वापरतात तो ३० गेजचा पातळ पत्रा टाळा. सगळ्या झडपा बंद असताना कलेक्टर सुरू झाला तर असा पाइप डबा चेपावा तसा आत चेपला जातो. जोडताना आत जाणारं टोक नेहमी कलेक्टरच्या दिशेला ठेवा, म्हणजे ढलप्यांना अडकायला आत कडा राहत नाही. लांब स्क्रू वापरू नका, त्यांची टोकं आत डोकावतात आणि त्यांना भुसा लटकतो. आखूड रिव्हेट आणि वर अॅल्युमिनियमची टेप पुरते.

पीव्हीसी सहज मिळतो, आतून गुळगुळीत असतो आणि घरगुती वर्कशॉपमध्ये बरेच जण तोच वापरतात. त्यात स्थिर वीज साठते, हात लागला की चटका बसतो. बाहेरून तांब्याची तार गुंडाळून अर्थिंग केलं तर चटके कमी होतात, पण प्लास्टिक वीजवाहक नसल्यामुळे आतल्या सगळ्या पृष्ठभागावरचा भार त्याने निघून जात नाही. जिथे कामगार आहेत आणि रोज पोत्यांनी भुसा निघतो, तिथे धातूचाच पाइप, सगळे तुकडे एकमेकांना विजेने जोडलेले आणि अर्थ केलेले. शिवाय अग्निसुरक्षेचे तिथले नियम आधी वाचायचे.

आगीचं खरं मूळ बहुतेक वेळा ठिणगी असते. लाकडातला खिळा पंख्याच्या पात्यावर आदळतो, किंवा कुणीतरी ग्राइंडर याच लाइनला जोडतं. धातूच्या ठिणग्या भुशाच्या पिंपात जाऊन तासन्तास धुमसत राहू शकतात आणि वर्कशॉप बंद झाल्यावर पेट घेतात. धातूचं काम या लाइनवर कधीच नाही, एकदाही नाही.

झडपा, सफाईची तोंडं आणि बाहेरची हवा

प्रत्येक शाखेला ब्लास्ट गेट, म्हणजे हवा बंद करणारी सरकती झडप, लावा, हात सहज पोचेल अशा उंचीवर. गेट मुख्य लाइनच्या जवळ असेल तर बंद शाखेत भुसा साचत नाही. मशीनजवळ असेल तर तो उघडायची आठवण राहते. मी मशीनजवळ लावतो, कारण विसरलेला गेट काहीच कामाचा नाही.

मुख्य लाइनच्या शेवटी बेंड न लावता वाय लावा आणि तिचं मोकळं तोंड टोपणाने बंद करा. उद्या लाइन तुंबली तर तिथून काठी घालता येते, आणि परवा नवीन मशीन आलं तर तिथूनच पुढे जाता येतं. पाइपला दर आठ-दहा फुटांवर आधार द्या.

कलेक्टर हवा बाहेर सोडणार असेल तर तेवढीच हवा आत यायला खिडकी किंवा जाळी हवी. बंद खोलीतून मिनिटाला ८०० घनफूट हवा बाहेर काढली आणि त्याच इमारतीत गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर असेल, तर त्याचा धूर चिमणीतून उलटा आत खेचला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वासही नसतो.

बसवल्यावर

सगळे गेट बंद करून कलेक्टर क्षणभर चालू करा आणि पातळ कागदाची पट्टी प्रत्येक जोडाजवळ फिरवा. पट्टी पाइपकडे खेचली गेली की तिथे गळती आहे. सिलिकॉन किंवा टेप लावा. जाड पाइप असेल तरच ही चाचणी करा, पातळ पत्र्याला एक गेट उघडा ठेवून करा.

मग कलेक्टरच्या अलीकडे मुख्य पाइपला एक बारीक भोक पाडा आणि यू आकारात वाकवलेली, निम्मं पाणी भरलेली पारदर्शक नळी त्याला जोडा. दुसरं टोक हवेत मोकळं. प्लेनरचा एकच गेट उघडून दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा आणि तो आकडा तारखेसह नळीशेजारी भिंतीवर लिहा. पुढे कधी भुसा नीट ओढला जात नाहीसं वाटलं, तर त्याच गेटवर पुन्हा मोजा. फरक वाढला असेल तर तुंबण अलीकडे आहे, प्लेनर आणि नळी यांच्यामध्ये: लवचीक पाइपचा झोळ आधी बघा. फरक कमी झाला असेल तर फिल्टर झटका, पिंप भरलंय का पाहा, आणि दोन्ही ठीक असतील तर कागदाची पट्टी घेऊन पुन्हा जोड तपासायला लागा.